सुएझची वाट आणि वैनगंगेचा काठ

नागपूर हे समुद्रापासून फार दूर वसलेले शहर आहे. मुंबईचा किनारा येथून रेल्वेने आठशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर पडतो. त्यामुळे भूगोलाच्या तासाला सुएझ कालव्याचा धडा आला की आपल्या निवासी शाळेतील मुले तो इतर धड्यांसारखाच पाठ करतात. कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला, तो भूमध्य समुद्र व तांबडा समुद्र यांना जोडतो, तो आशिया व आफ्रिका या खंडांच्या सीमेवर आहे आणि त्यामुळे युरोपची वाट जवळ झाली. परीक्षेपुरते एवढे पुरते. परंतु उमरेड, भिवापूर किंवा पवनीकडून आलेल्या मुलाला, "बाळा, या कालव्याशी तुझ्या गावाचा संबंध काय?" असे विचारले, तर तो गोंधळून नकाशाकडे पाहू लागतो.

हा संबंध आहे, आणि तो किमान दोन हजार वर्षांचा आहे. तो समजून घेताना एका प्रश्नाचे बोट मात्र सोडून चालणार नाही. वाट कोठून कोठे जाते, हे भूगोल सांगतो. त्या वाटेवरून कोण चालू शकत होते आणि कोणाला अडवले जात होते, हे इतिहासाने सांगायचे असते. आपल्या समाजाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

तीन खंडांचा सांधा

प्रथम नकाशा नीट पाहू. आफ्रिका आणि आशिया हे दोन खंड सुएझच्या संयोगभूमीने जोडलेले आहेत. या चिंचोळ्या पट्टीची रुंदी सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. तिच्या उत्तरेला भूमध्य समुद्र आणि त्यापलीकडे युरोप, तर दक्षिणेला तांबडा समुद्र आहे. तांबड्या समुद्राचे दक्षिण टोक बाब-अल-मंदेब या अरुंद सामुद्रधुनीतून एडनच्या आखातात आणि पुढे अरबी समुद्रात उघडते. अरबी समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर आपले कोकण आहे. म्हणजे सोपारा किंवा कल्याणहून निघालेले तारू दक्षिणेकडे झुकत पश्चिमेला गेले, तर ते याच सामुद्रधुनीच्या तोंडाशी पोहोचते.

कालवा आधुनिक असला तरी कल्पना जुनी आहे. नाईल नदी आणि तांबडा समुद्र यांना जोडणारा कालवा इराणचा सम्राट दारयवहु याने इ. स. पू. सुमारे ५०० च्या सुमारास पूर्ण करवून घेतला होता. पुढे ग्रीक वंशाचा इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याने तो पुन्हा वापरात आणला. तथापि तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वर्षाचा बराच काळ उत्तरेकडून वारे वाहतात. शिडाच्या जहाजांना त्या वाऱ्याविरुद्ध वर जाणे कष्टाचे होई. म्हणून पूर्वेकडून येणारी जहाजे दक्षिणेकडील बेरेनिके किंवा मायोस होर्मोस या बंदरांतच माल उतरवीत. तेथून उंटांच्या तांड्यांनी वाळवंट ओलांडून माल नाईलकाठच्या कोप्टोस या गावी नेला जाई. बेरेनिकेपासून या प्रवासाला सुमारे १२ दिवस लागत, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. कोप्टोसहून नदीमार्गे अलेक्झांड्रिया आणि अलेक्झांड्रियाहून रोम, असा तो क्रम होता.

सम्राट अशोकाचा शिलालेख

बेरेनिके हे बंदर इ. स. पू. तिसऱ्या शतकात दुसऱ्या टॉलेमीने वसविले आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले. विद्यार्थ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे, कारण हाच टॉलेमी सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात 'तुरमाय' या रूपाने आलेला आहे. कलिंगच्या युद्धानंतर धम्मविजय हाच श्रेष्ठ विजय होय असे जाहीर करणाऱ्या त्या लेखात अशोकाने पाच यवन राजांची नावे घेतली आहेत. त्यांत सीरियाचा अंतियोक, इजिप्तचा तुरमाय आणि उत्तर आफ्रिकेतील सायरीनचा मग हे तीन राजे येतात. आशिया, आफ्रिका आणि युरोप या तिन्ही खंडांतील राजांची नावे एका भारतीय सम्राटाने दगडावर कोरविली, आणि तीही जिंकल्याची बढाई म्हणून नव्हे, तर धम्माचा संदेश तेथवर गेला म्हणून.

याच सम्राटाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपारा येथे मिळाला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या आठव्या लेखाचा विषय मोठा अर्थपूर्ण आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी विहारयात्रा करीत, आपण मात्र संबोधीच्या स्थानी जाऊन धम्मयात्रा सुरू केली, असे अशोक त्यात सांगतो. प्रवास कशासाठी करावा हे सांगणारा लेख सोपाऱ्यासारख्या बंदरात असावा, हे लक्षात राहण्यासारखे आहे. पाली साहित्यात ज्या पुण्ण स्थविरांनी क्रूर समजल्या जाणाऱ्या सुनापरांत देशात धम्म नेण्याची तथागतांकडे अनुज्ञा मागितली, ते परंपरेनुसार याच परिसरातील व्यापारी होते.

पवनीची वाट

आता विदर्भाकडे येऊ. नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे वैनगंगेच्या काठी पवनी लागते. सन १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे संयुक्त उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या त्या कामात जगन्नाथ टेकडी येथे भव्य स्तूपाचे अवशेष, कोरीव कठडे आणि ब्राह्मी लेख उजेडात आले. तथागतांना संबोधीनंतर पावसात फणा उभारून आसरा देणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्प नावासह तेथे सापडले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात नागपूरची निवड का केली हे सांगताना बाबासाहेबांनी या भूमीतील नाग लोकांचा उल्लेख केला होता. त्यानंतर १३ वर्षांनी वैनगंगेच्या काठी मातीखालून नागराज वर आले, हे ज्यांनी त्या काळी वाचले असेल, त्यांना काय वाटले असेल याची कल्पना करावी.

एवढा मोठा स्तूप उभा राहतो तेव्हा त्यामागे दानाची शक्ती असते, आणि दानामागे शेती, कारागिरी व व्यापार असतो. पवनीहून पश्चिमेला विदर्भ ओलांडून भोकरदन, पैठण अशी वाट जाते. कुही तालुक्यातील अडम येथे 'अस्सक जनपद' असा उल्लेख असलेली मातीची मुद्रा मिळाली. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात अस्सक प्रदेशात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरीचे १६ शिष्य तथागतांच्या भेटीस निघतात. प्रतिष्ठान म्हणजे पैठण, मग माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती अशी त्यांच्या मुक्कामांची यादीच तेथे दिलेली आहे. त्यांना धन मिळवायचे नव्हते, आपल्या प्रश्नांची उत्तरे हवी होती. सार्थवाहांचे तांडे आणि जिज्ञासूंची पावले एकाच रस्त्यावर उमटत होती.

पैठणहून पश्चिमेकडचे चित्र इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत दिसते. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तगर म्हणजे तेरहून सुती कापड गाडीवाटेने भडोच बंदरात येई, असे हा लेखक सांगतो. सोपारा आणि कल्याण ही बंदरेही त्याला ठाऊक आहेत. जुन्नरहून कल्याणकडे उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही पाहता येतो. इजिप्तहून जहाजे जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य मोसमी वारा शिडात भरून भारतात येत आणि हिवाळ्यात ईशान्य वारा सुरू झाला की परत जात. विदर्भातील शेतकरी ज्या पावसाकडे डोळे लावून बसतो, तो पाऊस आणणारा वाराच ही जहाजेही आणीत असे. एका बंदरातून वर्षाला १२० पर्यंत जहाजे भारताकडे जातात, अशी नोंद स्ट्रॅबो या भूगोलकाराने केली आहे.

लेण्यांच्या भिंतीवरील नावे

या वाटांवर आपली लेणी आहेत. कार्ले, भाजे, जुन्नर, नाशिक, कान्हेरी, कुडा ही लेणी घाटांच्या आणि बंदरांच्या आसपास का कोरली गेली, याचे उत्तर व्यापारी मार्गांत आहे. पावसाळ्यात भिक्खूंना वर्षावासासाठी निवारा हवा असे. वाटसरूंच्या ये-जा असलेल्या ठिकाणी दानही मिळे आणि धम्मही पोहोचे.

त्या दानलेखांतील नावे मोठ्याने वाचावीत असे मला नेहमी वाटते. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचे नाव आहे आणि त्याच गावच्या सिंहदत्त या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचेही आहे. तेथेच धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले स्तंभ आहेत. जुन्नरलाही यवन दाते आहेत. कुडा येथे माळ्याचे दान आहे. नाशिकच्या एका लेण्यात मुगुदास नावाचा कोळी आपल्या परिवारासह दाता म्हणून उभा आहे. नाशिकच्याच लेखात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींवर व्याज कसे मिळावे, याचा हिशोब कोरलेला आहे. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दुसरीकडे १००० कार्षापण. विणकरांच्या संस्थेवर राजघराण्यातील माणसाचा एवढा विश्वास होता!

यावरून त्या काळी समाजात उच्चनीचता नव्हतीच, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दास होते, श्रीमंत व गरीब होते, राजांनी ब्राह्मणांना दिलेली दानेही याच काळातील आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुराव्यापेक्षा अधिक बोलू नये. परंतु पुरावा जे सांगतो ते तरी ठामपणे सांगावे. सुतार, माळी, कोळी, विणकर, भिक्खुणी, गृहिणी आणि परदेशी यवन यांची नावे एकाच प्रकारच्या दगडावर, एकाच लिपीत, दाते म्हणून कोरली गेली. कोणी कोणाच्या मागे उभे राहावे, असा नियम त्या भिंतीवर नाही.

बेरेनिके येथील बुद्ध

या वाटेच्या दुसऱ्या टोकाला काय मिळाले, हेही पाहिले पाहिजे. बेरेनिकेच्या उत्खननात एका भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलोग्रॅम काळी मिरी सापडली. भारतीय सुती कापडाचे तुकडे आणि जहाजांच्या सागवानी फळ्याही मिळाल्या. पुढे २०२२ मध्ये पोलंड व अमेरिका यांच्या संयुक्त पथकाला तेथील इसिस देवीच्या मंदिराच्या अंगणात तथागतांची संगमरवरी मूर्ती मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये ही बातमी जाहीर झाली. मूर्तीची उंची ७१ सेंटीमीटर आहे, डाव्या हातात चीवराचा पदर आहे, मस्तकामागे किरणांचे प्रभामंडळ आहे. दगड आजच्या इस्तंबूलजवळच्या भागातील असावा आणि मूर्ती इ. स. दुसऱ्या शतकातील असावी, असे संशोधकांचे मत आहे. त्याच ठिकाणी सातवाहनांची नाणी आणि रोमन सम्राट फिलिप याच्या काळातील संस्कृत लेखही मिळाला आहे.

या मूर्तीचा अर्थ सावधपणे लावावा. तिच्यावरून इजिप्त बौद्ध होता, असे कोणी म्हणू नये. एवढे मात्र निश्चित म्हणता येते, की युरोप-आशियाच्या सीमेवरील दगडात आफ्रिकेच्या भूमीवर बुद्धमूर्ती स्थापन करणारा कोणी श्रद्धावान तेथे होता. तो भारतीय व्यापारी असेल, खलाशी असेल किंवा इजिप्तमध्येच स्थायिक झालेला माणूस असेल. त्याची मूर्ती परक्या देवतेच्या अंगणात उभी होती.

वाट कशी बंद झाली

मग ही वाट आपल्यासाठी बंद कशी झाली? रोमन साम्राज्याचा ऱ्हास, अरब व्यापाऱ्यांचा उदय, सातवाहनांचा अस्त ही राजकीय व आर्थिक कारणे पाठ्यपुस्तकात असतात आणि ती खरी आहेत. त्यांच्या जोडीला एक सामाजिक कारण होते. जातककथांत सुप्पारक हा दृष्टी गेलेला कुशल नाविक बोधिसत्त्व म्हणून येतो, बावेरूला म्हणजे बाबिलोनला जाणारे व्यापारी येतात. समुद्रप्रवासाचे तेथे कौतुक आहे. याउलट बौधायन धर्मसूत्रात माणसाला पतित करणाऱ्या कृत्यांमध्ये समुद्रगमनाचा समावेश केलेला आढळतो. पुढील काळातील धर्मशास्त्रकारांनी हा निषेध कलिवर्ज्य म्हणून अधिक घट्ट केला. ज्याने समुद्र ओलांडला त्याने परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे, ही कल्पना अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत जिवंत होती.

ज्या समाजाने समुद्र बाटतो असे मानले, त्याने गावातला रस्ताही बाटतो असे मानावे यात नवल नाही. पाणवठा, चावडी, शाळा, बैलगाडी, जे जे सर्वांचे म्हणून होते, ते ते काहींचे झाले. वाटा बुजल्या नव्हत्या. त्यांवर पहारा बसला होता.

कापूस, आगगाडी आणि कालवा

एकोणिसाव्या शतकात विदर्भ पुन्हा तांबड्या समुद्राशी जोडला गेला, तो कापसामुळे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तेथील कापूस बंद होताच इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड आणि हिंगणघाटच्या काळ्या मातीकडे वळली. भोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये आणि थळघाटातील १८६५ मध्ये खुला झाला. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला आली. दोन वर्षांनी सुएझ कालवा उघडला आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजाराला लोहमार्गाची शाखा मिळाली. आफ्रिकेला वळसा घालून लंडन ते मुंबई हा सागरी प्रवास सुमारे १९ हजार ८०० किलोमीटरांचा होता. कालव्याने तो सुमारे ११ हजार ६०० किलोमीटरांवर आणला. आता मोसमी वाऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. बाष्पशक्तीने चालणारी जहाजे बाराही महिने ये-जा करू लागली. खामगावच्या बाजारातला भाव लिव्हरपूलच्या बाजारात ठरू लागला आणि तेथे भाव कोसळला की येथला शेतकरी सावकाराच्या दारात उभा राहू लागला.

या प्रगतीच्या मुळाशी कोणाचे श्रम होते? कालव्याच्या खोदकामात सुरुवातीची काही वर्षे इजिप्तच्या गरीब शेतकऱ्यांना सक्तीने जुंपण्यात आले. भोरघाटाच्या कामात हजारो मजूर साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी दगावले. नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि शहराच्या कितीतरी वस्त्या गिरणीच्या भोंग्यावर जगू लागल्या. आपल्या शाळेच्या अनेक माजी विद्यार्थ्यांचे आजोबा-पणजोबा त्या भोंग्याने उठणारे होते. गिरणीने रोख मजुरी दिली, गावकीच्या गुलामीतून बाहेर पडायची एक वाट दिली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कापड गिरण्यांतील अधिक मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद असे. धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे, म्हणून शिवाशिवीची सबब पुढे केली जाई. ज्या हातांनी वेचलेला कापूस सुएझपार जात होता, त्याच हातांना धोटा वर्ज्य होता.

पोर्ट सैदहून लिहिलेले पत्र

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. सुएझ कालव्याच्या उत्तर तोंडाशी पोर्ट सैद हे बंदर आहे. पुणे करार २४ सप्टेंबर १९३२ रोजी झाला. त्यानंतर लगेच अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संघ स्थापन झाला. पुढे तो हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला. अमृतलाल ठक्कर हे त्याचे सरचिटणीस होते. नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी 'व्हिक्टोरिया' जहाजाने निघाले. प्रवासात त्यांनी ठक्करांना एक दीर्घ पत्र लिहिले. त्या पत्रावर स्थळ आहे पोर्ट सैद आणि तारीख आहे १४ नोव्हेंबर १९३२.

त्या पत्राचा आशय प्रत्येक पालकाने व माजी विद्यार्थ्याने समजून घ्यावा असा आहे. अस्पृश्यांची दुःस्थिती त्यांच्या वैयक्तिक दुर्गुणांमुळे आहे असे मानून दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये यांवर शक्ती खर्च करायची, की ज्या सामाजिक परिस्थितीमुळे ते खितपत पडले आहेत ती परिस्थिती बदलायची, असा प्रश्न बाबासाहेब विचारतात. त्यांचे उत्तर स्पष्ट आहे. सर्व शक्ती परिस्थिती बदलण्यावर लावावी. त्यासाठी पहिले काम म्हणून ते नागरी हक्कांची मोहीम सांगतात : गावच्या विहिरीवर पाणी, गावच्या शाळेत प्रवेश, चावडीत प्रवेश आणि सार्वजनिक वाहनांचा वापर. दुसरे काम समान संधीचे. गिरणीतील बंद खाती आणि रेल्वेत आयुष्यभर गँगमन म्हणूनच राहावे लागणे, या गोष्टी त्यांनी तेथे मांडल्या आहेत. साधे पोर्टरचे कामही मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात, हा बारकावाही त्यांच्या नजरेतून सुटलेला नाही.

हे पत्र लिहिणाऱ्या माणसाला सार्वजनिक वाहनाचा अर्थ ग्रंथांतून कळला नव्हता. १९०१ मध्ये मसूर स्थानकावर उतरलेल्या लहान भीमाला आणि त्याच्या भावंडांना जात कळताच एकही गाडीवान गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, अशी तडजोड झाली. १९२९ मध्ये बॅरिस्टर आंबेडकर चाळीसगावला उतरले, तेव्हाही टांगेवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले आणि न शिकलेल्या हातात लगाम द्यावा लागल्याने टांगा उलटून ते जखमी झाले. तीन खंडांचा समुद्र त्यांना ओलांडता आला, पण मसूर ते गोरेगाव ही वाट आणि चाळीसगावचा पूल त्यांना सुखाने ओलांडता आला नाही. पोर्ट सैदच्या पत्रात विहिरीच्या शेजारी वाहनाचा हक्क का आहे, ते यावरून कळेल. त्या पत्राची पोचदेखील आपल्याला मिळाली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे.

ऑक्टोबर १९५६

सुएझ आणि नागपूर ही दोन नावे एकाच आठवड्यात जगाच्या इतिहासात आली, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते चकित होतात. इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी २६ जुलै १९५६ रोजी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ज्या कालव्यासाठी इजिप्तच्या शेतकऱ्यांनी माती उपसली, त्याचे उत्पन्न परकीय कंपनीकडे जात होते. १३ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने कालव्याविषयी सहा तत्त्वे मान्य केली. त्यांतील पहिले तत्त्व असे, की कालव्यातून जाण्याचा मार्ग सर्वांना मुक्त असावा आणि त्यात उघड किंवा छुपा कोणताही भेदभाव नसावा. दुसऱ्याच दिवशी, १४ ऑक्टोबर रोजी, अशोक विजयादशमीला, नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना ती दिली.

या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही, आणि तसा तो जोडूही नये. सुरक्षा परिषदेत बोलणाऱ्या राष्ट्रांना आपल्या जहाजांची, तेलाची आणि नफ्याची चिंता होती. महिनाअखेरीस इजिप्तवर हल्ला झाला आणि ते तत्त्व काही काळ कागदावरच राहिले. परंतु जहाजांसाठी जगाने जे तत्त्व शब्दांत मांडले, ते माणसांसाठी दुसऱ्या दिवशी नागपूरला कृतीत आले. जहाजाला कोणत्या देशाचे आहे हे विचारून अडवू नये, एवढेच कालव्याचे तत्त्व होते. माणसाला कोणत्या जातीचा आहे हे विचारून कोणत्याही दारावर अडवू नये, असे दीक्षाभूमीने सांगितले. उघड भेदभाव कायद्याने बंद होतो. छुपा भेदभाव मनातून काढावा लागतो, आणि त्यासाठीच बाबासाहेबांनी कायद्याच्या पुढे जाऊन धम्म दिला.

आजची वाट

आज नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला आहे. त्या रस्त्याने निघालेला माल न्हावा-शेवा बंदरातून त्याच जुन्या दिशेने तांबड्या समुद्राकडे जातो. मार्च २०२१ मध्ये एक ४०० मीटर लांबीचे जहाज कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. २०२३ च्या अखेरीपासून बाब-अल-मंदेबजवळ जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक जहाजे पुन्हा आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि मालवाहतूक महागली. तीन खंडांचा हा सांधा आजही किती नाजूक आहे, याची ही ताजी उदाहरणे आहेत.

आपल्या शाळेच्या दृष्टीने मला मोलाची वाटते ती दुसरी वाहतूक. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांमुळे विदर्भातील खेड्यांतील मुले-मुली आज लंडन, न्यूयॉर्कच्या विद्यापीठांत जात आहेत. त्यांना आता बोटीने जावे लागत नाही. परंतु नागपूरहून विमानात बसणाऱ्या मुलीच्या मागे पवनीचा स्तूप, कार्ल्याचा सुतार, एम्प्रेस मिलच्या खात्यात राबणारा आजा आणि पोर्ट सैदला पत्र लिहीत बसलेला एक प्रवासी उभा आहे, हे तिला ठाऊक असावे. ठाऊक नसेल, तर तो दोष तिचा नव्हे, आम्हा शिक्षकांचा आहे.

पालकांना माझी एक विनंती आहे. घरी जगाचा नकाशा लावावा. त्यावर पवनी, पैठण, सोपारा, बेरेनिके, पोर्ट सैद आणि नागपूर या सहा ठिकाणी मुलांकडून खुणा करून घ्याव्यात आणि त्या दोऱ्याने जोडाव्यात. मग आपल्या गावातील एखादी अशी जागा, जेथे आजही कोणाला आडून किंवा उघडपणे थांबवले जाते, ती मुलांसोबत शोधावी. ती जागा एखादी विहीर असेल, एखादे भाड्याचे घर असेल किंवा जेवणाची एखादी पंगत असेल. तिचीही खूण त्याच नकाशावर करावी आणि ती पुसता येईपर्यंत नकाशा भिंतीवरून काढू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!